बिघाडाच्या मागावर

माहिती-तंत्रज्ञानाच्या क्षेत्रातला बराच मोठा वर्ग नवे काही घडवत नसतो. आधीच चालू असलेले चालू ठेवत असतो. पुण्यात, मुंबईत किंवा नागपुरात एखाद्या कंपनीत रुजू झालेल्या मुलामुलींच्या हाती पहिल्या वर्षी पडतो तो दुसऱ्याच कोणीतरी, कित्येकदा त्यांच्या जन्माआधी, लिहिलेला कोड. तो कुठे बँकेचे व्याज मोजत असतो, कुठे विम्याचे हप्ते वळते करत असतो, कुठे विमानातल्या जागा वाटत असतो. तो थांबू द्यायचा नाही आणि थांबलाच तर का थांबला ते शोधायचे, हे त्यांचे काम.

घरीदारी या कामाला मान कमी. ‘सपोर्ट प्रोजेक्ट’ मिळाला हे नातेवाइकांना जरा दबक्या आवाजात सांगितले जाते आणि ‘डेव्हलपमेंट’ मिळालेले मित्र नशीबवान ठरतात. तरीही याच धंद्यात पंधरा-वीस वर्षे रमलेली माणसे कामाबद्दल मनापासून बोलू लागली की गोष्ट निघते ती एखाद्या बिघाडाचीच. सगळे नीट दिसत असूनही एक आकडा चुकत होता, तो का चुकत होता हे शोधताना एक रात्र गेली, आणि पहाटे कारण सापडले तेव्हा झोप उडाली होती. तंत्रज्ञानातला आनंद कुठे असतो याचा शोध घ्यायचा तर या गोष्टींपासूनच सुरुवात करावी लागते.

हा अनुभव संगणकाइतकाच जुना आहे. १९४९ साली केंब्रिज विद्यापीठात एडसॅक हे यंत्र चालू झाले. ते उभारणाऱ्या मॉरिस विल्क्स यांनी पुढे आत्मचरित्रात नोंदवले की, त्याच काळात जिना चढताना एकदम त्यांच्या ध्यानात आले, उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्याच प्रोग्राममधल्या चुका शोधण्यात जाणार आहे. डोनाल्ड क्नूथ यांनी ‘टेक्’ ही अक्षरजुळणीची प्रणाली लिहायला घेतली तेव्हा १९७८ पासून तिच्यातल्या प्रत्येक चुकीची नोंद ठेवली आणि ती सगळी यादी १९८९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांच्या पुस्तकात चूक दाखवणाऱ्याला ते २ डॉलर ५६ सेंटचा धनादेश पाठवत. २५६ ही संगणकाच्या जगातली लाडकी संख्या, दोनाचा आठवा घात. अनेकांनी हे धनादेश वटवण्याऐवजी चौकटीत घालून भिंतीवर लावले.

पाळी, तिकीट आणि पी-वन

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये संध्याकाळी दोन गर्द्या समोरासमोर येतात. एक वाकडच्या, भूमकर चौकाच्या दिशेने घरी निघालेली आणि दुसरी, कॅबमधून आत शिरणारी. आत येणाऱ्यांचा ग्राहक बहुधा अमेरिकेत असतो. न्यूयॉर्क उन्हाळ्यात भारताच्या साडेनऊ तास मागे आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असते. मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे बदलतात आणि इकडे पाळ्या, कॅबच्या फेऱ्या, घरातली जेवणाची वेळ, सगळेच तासाभराने सरकते.

पाळी सुरू होते हँडओव्हरने. आधीच्या पाळीतली माणसे कुठली कामे अर्धवट आहेत, कुठला रात्रीचा जॉब काल उशिरा संपला, कुठल्या सर्व्हरवर लक्ष ठेवायचे हे सांगतात. प्रत्येक तक्रारीचे एक तिकीट असते आणि त्याला दर्जा असतो. पी-फोर म्हणजे कुणाच्या तरी रिपोर्टमध्ये रकाना सरकला आहे, सवडीने बघा. पी-वन म्हणजे ग्राहकाचा धंदा थांबला आहे. किती मिनिटांत तिकिटाला उत्तर द्यायचे आणि किती तासांत ते मिटवायचे, हे करारात लिहिलेले असते.

पी-वन आले की एक कॉल उघडतो आणि तो संपेपर्यंत उघडाच राहतो. ॲप्लिकेशनवाले, डेटाबेसवाले, नेटवर्कवाले, ग्राहकाकडचा कुणी व्यवस्थापक आणि सगळ्यांना एका रांगेत बोलायला लावणारा इन्सिडेंट मॅनेजर, असे वीस-पंचवीस जण त्यावर असतात. इथे पहिला नियम असा की आधी सेवा सुरू करायची आणि कारण नंतर शोधायचे. आज दुपारी नवी आवृत्ती चढवली असेल तर ती उतरवून जुनी परत लावायची, ज्याला रोलबॅक म्हणतात. नाहीतर राखीव यंत्रावर काम वळवायचे. तेही नाही जमले तर रिस्टार्ट.

रिस्टार्टमध्ये एक मेख आहे. यंत्र बंद करून चालू केले की बिघाड बरेचदा नाहीसा होतो, पण त्याच्याबरोबर त्याचे पुरावेही पुसले जातात. म्हणून मुरलेला इंजिनिअर कॉलवर सगळे घाई करत असताना अर्धे मिनिट मागून घेतो आणि त्या क्षणी प्रोग्रामच्या आत काय चालले होते याची नोंद, म्हणजे थ्रेड डंप, काढून ठेवतो. दोनशे धागे, म्हणजे थ्रेड, एकाच कुलपाशी ताटकळत उभे असल्याचे त्यात दिसले तर अर्धे काम झालेले असते. ही अर्ध्या मिनिटाची शिस्त कुठल्याही अभ्यासक्रमात नीट शिकवली जात नाही. ती शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाकडून उचलावी लागते.

खरा शोध सुरू होतो सेवा परत चालू झाल्यावर, दुसऱ्या दिवशी. त्यातला पहिला प्रश्न जवळपास नेहमी सारखाच असतो: काय बदलले? काल चालत होते आणि आज चालत नाही, तर मध्ये काहीतरी बदललेच असणार. कोड बदलला नसेल तर डेटा वाढला असेल, प्रमाणपत्राची मुदत संपली असेल, डिस्क भरली असेल, महिनाअखेर आली असेल. संशयित बदल खूप असतील तर निम्म्यावर काट मारत जायचे. हजार बदलांपैकी कुठल्या एकाने घात केला हे शोधायला पाचशेव्या बदलापाशी थांबून तपासायचे, मग उरलेल्या अर्ध्याचा अर्धा भाग. अशा दहा चाचण्यांत हजारातला एक हाती लागतो. गिट या साधनात यासाठी बायसेक्ट नावाची आज्ञाच आहे. ती पहिल्यांदा वापरून बरोबर त्या एका बदलापर्यंत पोचलेला नवखा इंजिनिअर पुढे कितीतरी दिवस तिच्याबद्दल बोलत राहतो.

साडेपाच तासांची चूक

भारतात काम करणाऱ्या जवळपास प्रत्येक चमूला कधी ना कधी भेटणारा एक बिघाड असा: माणसाने फॉर्मवर जन्मतारीख १५ ऑगस्ट १९९० निवडली आणि कार्डावर छापून आली १४ ऑगस्ट.

कारण समजायला घड्याळ नीट पाहावे लागते. ब्राउझरने तारीख घेताना ती १५ ऑगस्टच्या मध्यरात्रीचा क्षण म्हणून घेतली. सर्व्हरकडे पाठवताना तो क्षण ग्रिनिचच्या वेळेत रूपांतरित झाला. भारत ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे, म्हणून तिथे तेव्हा १४ ऑगस्टचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले होते. सर्व्हरने वेळ कापून टाकली आणि फक्त तारीख ठेवली. एक दिवस गेला.

यात मौज अशी की हा कोड अमेरिकेत लिहिला आणि तपासला गेला असेल तर चूक दिसतच नाही. न्यूयॉर्कची मध्यरात्र म्हणजे ग्रिनिचची पहाट. तारीख तीच राहते. लंडनमध्ये हिवाळ्यात चाचणी केली तरी सगळे ठीक. ग्रिनिचच्या पूर्वेला कुणीतरी ते वापरायला घ्यावे लागते, तेव्हा चूक जागी होते. त्यामुळे इथल्या अनुभवी इंजिनिअरच्या डोळ्यांना एक सवय लागते. लॉगमध्ये किंवा डेटाबेसच्या रकान्यात ‘१८:३०’ ही वेळ ओळीने दिसू लागली की तो बाकी काही न वाचता सांगतो की कुठेतरी तारखेची वेळ झाली आहे आणि वेळेची पुन्हा तारीख.

याच्याही तळाशी आणखी एक थर आहे. निवृत्तिवेतनधारकांच्या यादीत १९४३ साली जन्मलेल्या एखाद्या आजोबांच्या नोंदीत १८:३० ऐवजी १७:३० दिसते. हा नवा बिघाड समजून लोक डोके खाजवतात. खरे कारण इतिहासात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतातली घड्याळे एक तास पुढे केली होती. १९४२ च्या सप्टेंबरपासून १९४५ च्या ऑक्टोबरपर्यंत देशाची वेळ ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे होती. जगातल्या बहुतेक संगणकांत बसलेल्या ‘टीझेड’ या वेळपट्ट्यांच्या माहितीकोशात ही नोंद जपलेली आहे. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी तो सुरू केला आणि पॉल एगर्ट यांनी पुढे अनेक वर्षे सांभाळला. कुठल्या देशाने कुठल्या तारखेला घड्याळ किती सरकवले याची ही वही माणसांनी आवडीपोटी लिहीत नेली आणि आज तिच्यावर फोनपासून विमानतळापर्यंत सगळे चालते. एका चुकलेल्या आकड्याचा माग काढत इंजिनिअर महायुद्धापर्यंत पोचतो, हे या कामाचे मोठेच देणे आहे.

कऱ्हाड सापडत नाही

मराठी मजकूर हाताळणाऱ्या प्रणालींचे बिघाड वेगळ्या घाटाचे असतात. समजा, डेटाबेसमध्ये गाव आहे, पडद्यावर डोळ्यांनी दिसते आहे, आणि शोधपेटीत ‘कऱ्हाड’ लिहिले तर निकाल शून्य.

युनिकोडमध्ये हे नाव तीन प्रकारे साठवता येते. ऱ्ह मधल्या त्या अर्ध्या र साठी कोणी टिंबवाले ऱ हे सुटे अक्षर वापरतो. कोणाचा कळफलक साधा र आणि त्यापुढे नुक्ता अशी दोन चिन्हे पाठवतो. तिसऱ्याकडे र, हलन्त आणि मग ‘झीरो विड्थ जॉइनर’ नावाचे न दिसणारे चिन्ह असते. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. यंत्रासाठी ते तीन निरनिराळे शब्द आहेत. युनिकोडने ठरवलेली सामान्यीकरणाची पद्धत चालवली तर पहिले दोन एक होतात. तिसरा मात्र वेगळाच उरतो, कारण अदृश्य जोडचिन्ह ती पद्धत काढून टाकत नाही. त्यासाठी मराठी येणाऱ्या कुणीतरी बसून नियम लिहावा लागतो. तऱ्हा, कुऱ्हाड, गोऱ्हे, वाऱ्यावर, दौऱ्यात या सगळ्या शब्दांना तोच नियम लागतो. ज्याला हे शब्द कानांनी ठाऊक आहेत त्याने तो लिहिला तरच चाचणीत सगळी उदाहरणे येतात. शिक्षणात इंग्रजी माध्यमाने मागे ठेवलेली मराठी इथे कामाला येते, आणि ती कामाला आल्याचे समाधान पगाराच्या पावतीत दिसत नाही इतकेच.

जागेचे गणितही असेच. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. ‘सावित्रीबाई’ या नावात काना, वेलांट्या आणि हलन्त धरून अकरा चिन्हे आहेत, म्हणजे ३३ बाइट. कुणी जुन्या प्रणालीत नावासाठी ३० बाइटांची जागा ठेवली असेल आणि वाटेतला एखादा प्रोग्राम उरलेले कापत असेल, तर छापून येते ‘सावित्रीबा’. एसएमएसमध्येही इंग्रजीत १६० अक्षरे मावतात तिथे देवनागरीची ७० चिन्हे मावतात. शासनाचा किंवा बँकेचा मराठी संदेश मधेच तुटलेला दिसतो किंवा त्याला दुप्पट खर्च येतो, त्याचे कारण हे. मराठीत काम नको असे म्हणणाऱ्यांना हा खर्च एक निमित्त देतो. ज्याला यातले गणित कळते तो मजकूर आटोपशीर लिहून निमित्तच काढून घेतो.

भारतीय लिप्यांचा सर्वांत गाजलेला बिघाड २०१८ च्या फेब्रुवारीतला. तेलुगूतले एक अक्षर, मराठीतल्या ‘ज्ञा’ला समांतर, आयफोनवर आले की ते दाखवू पाहणारे ॲप कोसळे. संदेश उघडायचीही गरज नव्हती. सूचनेत ते अक्षर दिसायला गेले तरी पुरे. बातम्या एवढ्यावरच थांबल्या. त्या वेळी मोझिलात असलेले मनीष गोरेगावकर तिथे थांबले नाहीत. ॲपलचा फोन दुरुस्त करणे काही त्यांचे काम नव्हते. तरी अक्षरांच्या जोड्या बदलून बदलून त्यांनी यामागचा नियम शोधला आणि मांडला. व्यंजन, हलन्त, दुसरे व्यंजन, मग जोडाक्षर तोडणारे एक अदृश्य चिन्ह आणि शेवटी स्वरचिन्ह, असा तो क्रम होता; दुसरे व्यंजन पहिल्याच्या मागे चिकटणाऱ्या जातीचे असले की फोन कोसळे, आणि हे तेलुगूप्रमाणेच बंगाली आणि देवनागरीतही घडे. मराठी वाचकाला ‘क्र’, ‘प्र’ मधल्या र चे पायाशी येणे ओळखीचे आहे. यंत्राला तेच सांभाळता आले नव्हते. ॲपलने त्याच महिन्यात दुरुस्ती पाठवली. गोरेगावकरांचे विवेचन आजही वाचण्यासारखे आहे, कारण लिपी आणि यंत्र या दोन्हींची सारखीच माया असलेल्या माणसाने ते लिहिले आहे.

आठशे किलोमीटरपलीकडे न जाणारी ईमेल

बिघाडकथांमध्ये ज्या कथेला मानाचे पान मिळते ती ट्रे हॅरिस या अमेरिकी सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरची. नव्वदच्या दशकात ते एका विद्यापीठाची ईमेल-व्यवस्था सांभाळत होते. संख्याशास्त्र विभागाच्या प्रमुखांनी फोन करून सांगितले की विभागातून ५०० मैलांपलीकडे, म्हणजे सुमारे ८०० किलोमीटरपलीकडे ईमेल जात नाही. ईमेलला अंतर कळत नसते, हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. पण तक्रारदार संख्याशास्त्रज्ञ होते. त्यांनी बरेच दिवस माहिती गोळा करून नकाशाच तयार केला होता. हॅरिस यांनी स्वतः जवळच्या आणि लांबच्या शहरांना पत्रे पाठवून पाहिली. तक्रार खरी निघाली.

शोध घेता कळले की कुणा सल्लागाराने सर्व्हरची दुरुस्ती करताना त्यावरचा पत्र पाठवणारा प्रोग्राम नकळत जुन्या आवृत्तीवर नेला होता. सेटिंगची फाइल मात्र नव्या आवृत्तीची होती. जुन्याला नव्या सूचना कळेनात, म्हणून त्याने समोरच्या यंत्राची वाट किती पाहायची याचा आकडा शून्य धरला. त्या यंत्रावर शून्य म्हणजे प्रत्यक्षात तीन हजारांश सेकंदांहून किंचित जास्त. त्या जाळ्यात वाटेत फारसा अडथळा नव्हता, त्यामुळे जो काही वेळ लागे तो मुख्यतः प्रकाशाच्या वेगाचा. तीन हजारांश सेकंदांत प्रकाश जातो सुमारे ९०० किलोमीटर. त्यापलीकडचे यंत्र उत्तर देईपर्यंत इथला प्रोग्राम कंटाळलेला असे.

सांगताना हॅरिस यांनी काही तपशील सोपे केले आहेत आणि जाण्यायेण्याचे अंतर धरून काटेकोर हिशेब मांडला तर आकडे थोडे हलतात. तरीही हॉटेलात, कॅबमध्ये, कॉलवर डेटाबेसची वाट बघताना ही कथा एकाने दुसऱ्याला सांगितली जाते. तिचा धडा नव्या माणसासाठी मोलाचा आहे. तक्रार करणाऱ्याचे म्हणणे अशक्य वाटले तरी आधी तपासून पाहायचे. ‘माझ्या मशीनवर चालते’ हे या धंद्यातले सर्वांत निरुपयोगी उत्तर आहे.

अर्धा सेकंद

कुतूहल ही चैन आहे असे मानणाऱ्या व्यवस्थापकाला २०२४ च्या मार्चमधली एक घटना सांगावी. मायक्रोसॉफ्टमध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड काही वेगचाचण्या घेत होते. एका चाचणी-यंत्रावर दूरस्थ लॉगिनला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतो आणि प्रोसेसरही नको इतका राबतो, हे त्यांना खटकले. अर्ध्या सेकंदाने कुणाचे काही अडत नव्हते. कुठले तिकीट नव्हते, कुणाची तक्रार नव्हती.

त्यांनी माग काढला. तो पोचला ‘एक्सझेड’ नावाच्या, फाइली दाबून लहान करणाऱ्या एका साध्या उपयोजनापाशी. ते जगभरच्या लिनक्स यंत्रांत असते. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत कुणीतरी चोरवाट घातली होती. ठरावीक किल्ली जवळ असलेल्याला यंत्रात शिरून हवी ती आज्ञा चालवता यावी, अशी ती रचना होती. ज्याने ती घातली त्याने ‘जिया टॅन’ या नावाने दोन वर्षांहून अधिक काळ त्या प्रकल्पात नेमाने, उपयोगी काम करून विश्वास मिळवला होता. प्रकल्प सांभाळणारा मूळ माणूस एकटा, विनामोबदला आणि थकलेला होता. सहप्रचालक म्हणून मदतीला कुणी आले याचे त्याला बरेच वाटले असणार. २९ मार्च २०२४ रोजी फ्रॉइंड यांनी सगळे जाहीर केले. त्या आवृत्त्या तोवर मुख्यतः चाचणीच्या वितरणांतच पोचल्या होत्या. काही महिने गेले असते तर त्या जगातल्या असंख्य सर्व्हरांवर स्थिरावल्या असत्या.

स्वयंचलित तपासण्या होत्या, मोठमोठ्या कंपन्यांचे सुरक्षा विभाग होते. चोरवाट सापडली ती एका माणसाला अर्धा सेकंद खटकला म्हणून, आणि तो खटका मिटेपर्यंत खणत राहण्याची सवड त्याला होती म्हणून.

जुना कोड वाचणारी पिढी

महाराष्ट्रात हे क्षेत्र उभे राहिले तेच दुसऱ्याचे प्रोग्राम वाचण्याच्या बळावर. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ ची. १९७४ मध्ये तिने बरोजचा मेनफ्रेम संगणक आणला आणि परदेशी ग्राहकांची कामे मुंबईतून होऊ लागली. अंधेरीच्या सीप्झमध्ये निर्यातीसाठीच्या कंपन्या वसल्या. पुण्यात १९८१ साली टाटांचे टीआरडीडीसी हे संशोधन केंद्र निघाले आणि प्रोग्राम वाचून त्याचे विश्लेषण करणारी साधने हा तिथल्या अभ्यासाचा एक मुख्य विषय झाला. त्याच वर्षी पुण्यातच इन्फोसिसची स्थापना झाली. ती पुढे बंगळुरूला गेली. सी-डॅक १९८८ चे, त्याचा परम ८००० हा महासंगणक १९९१ चा, पर्सिस्टंट १९९० ची.

मग आले २००० साल. साठ-सत्तरच्या दशकांत ऐंशी रकान्यांच्या छिद्रपत्रांवर जागा वाचवण्यासाठी वर्षाचे दोनच आकडे लिहिण्याची सवय पडली होती. १९९९ नंतर ‘००’ आले की यंत्र त्याला १९०० समजणार होते. कोबोलमधल्या लाखो ओळी वाचून, प्रत्येक तारीख कुठून येते आणि कुठे जाते याचा पाठपुरावा करायचा होता. ठिकठिकाणी वर्ष चार आकडी केले गेले. जिथे फाइल बदलणे परवडणारे नव्हते तिथे ‘४९ पर्यंतचे आकडे २००० च्या शतकातले, ५० पासूनचे १९०० च्या’ अशा पाचरी मारल्या गेल्या. त्यातच दुसरी अडचण दडलेली होती: शंभराने भाग जाणारे वर्ष लीप नसते हे अनेकांना पाठ होते, पण चारशेने भाग जाणारे असते हे विसरले गेले होते. काही प्रोग्राममध्ये २९ फेब्रुवारी २००० हा दिवसच नव्हता.

१ जानेवारी २००० ला फारसे काही बिघडले नाही आणि मग धोका मुळात नव्हताच असे म्हणण्याची पद्धत पडली. ते अन्यायाचे आहे. हजारो माणसांनी वर्षानुवर्षे कंटाळवाणे वाचन केले म्हणून तो दिवस सुखरूप गेला. त्यांपैकी कितीतरी जण मराठी मध्यमवर्गातली पहिली संगणक-पिढी होते आणि त्यांना जुना कोड वाचण्याची गोडी त्याच वर्षांत लागली.

शोधाला लागणारी सवड

ही गोडी आपोआप टिकत नाही. चमूचे मोजमाप ‘किती तिकिटे मिटवली’ एवढ्यावरच होत असेल, तर इंजिनिअर रिस्टार्ट करतो, तिकीट मिटवतो आणि पुढच्या आठवड्यात तेच तिकीट नव्या क्रमांकाने परत येते. मोजमापाच्या दृष्टीने त्याने दुप्पट काम केलेले असते. ग्राहकाला द्यायचा मूळ कारणाचा अहवाल, ज्याला सगळे आरसीए म्हणतात, त्यात मग ‘मानवी चूक’ असे दोन शब्द लिहून सुटका करून घेतली जाते.

काही ठिकाणी वेगळी पद्धत रुळली आहे. गूगलमध्ये २००३ पासून विकसित झालेल्या ‘साइट रिलायबिलिटी’च्या पद्धतीत बिघाडाचा अहवाल कुणालाही दोषी न धरता लिहायचा असतो. चुकीची आज्ञा कुणी दिली हे विचारण्यापेक्षा एका आज्ञेने सगळे कोसळू शकेल अशी रचना का होती, हे विचारायचे. दोष येणार नाही याची खात्री असली की माणसे नेमके काय घडले ते सांगतात आणि अहवाल वाचनीय होतो. पुण्यातल्याही काही चमूंत असे अहवाल महिन्यातून एकदा सगळ्यांनी मिळून वाचले जातात. नव्या माणसाला यातून जेवढे शिकता येते तेवढे आठवडाभराच्या केटीत, म्हणजे ज्ञान-हस्तांतराच्या बैठकांत, शिकता येत नाही.

कोड लिहून देणारी एआय साधने आल्यापासून या कामाचा तोल बदलतो आहे. लॉगच्या पाच हजार ओळींतून संशयास्पद पन्नास काढणे, अनोळखी भाषेतल्या फंक्शनचा अर्थ सांगणे, हे ती झटकन करतात आणि रात्री तीन वाजता ती मदत मोठी असते. दुसरीकडे, कुणीच पूर्ण न वाचलेला कोड आता अधिक वेगाने चालू यंत्रणांत शिरतो आहे. साधन एखादे कारण ठामपणे सांगते. ते खरे की नुसते पटण्याजोगे, हे तपासायला बिघाड पुन्हा घडवून पाहावा लागतो. कारण दूर केल्यावर बिघाड थांबला पाहिजे आणि परत घातल्यावर परत आला पाहिजे. ही कसोटी जुनीच आहे आणि ती लावायचे काम माणसाकडेच आहे. ज्याला त्यात रस आहे त्याच्या हाती ही साधने चांगली शोभतात.

१९ जानेवारी २०३८, सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे

पुढचा मोठा माग आताच सुरू झालेला आहे. युनिक्स घराण्यातली यंत्रे वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. हा आकडा ३२ बिटांच्या जागेत ठेवला असेल तर तो २,१४,७४,८३,६४७ पर्यंतच जाऊ शकतो. भारतीय वेळेनुसार १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी तो भरेल आणि पुढच्या सेकंदाला अशा यंत्राचे घड्याळ डिसेंबर १९०१ मध्ये जाईल.

६४ बिटांच्या नव्या यंत्रांना ही अडचण नाही. लिनक्सच्या गाभ्यात ३२ बिटांच्या यंत्रांसाठीची दुरुस्ती २०२० सालच्या ५.६ या आवृत्तीपर्यंत पूर्ण होत आली. तरी जुन्या फाइलींची रचना, डेटाबेसचे काही रकाने आणि एकदा बसवल्यावर वीस-वीस वर्षे न बदलली जाणारी छोटी उपकरणे उरतातच: मीटर, राउटर, कारखान्यातले नियंत्रक. मायएसक्यूएलचा ‘टाइमस्टॅम्प’ हा प्रकार आजही त्या क्षणापलीकडची तारीख घेत नाही. बँकांना तर २०३८ केव्हाच भेटले आहे. २०१८ नंतर दिलेल्या वीस वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता त्या तारखेपलीकडे पडतो, आणि हप्त्यांचे वेळापत्रक काढताना तारीख १९०१ ची आली तर तिकीट आजच येते.

तपासण्याची रीत साधी आहे. चाचणीच्या यंत्रणेचे घड्याळ त्या दिवशीच्या सकाळी साडेआठवर न्यायचे, नेहमीचे सगळे जॉब सुरू करायचे आणि लॉग उघडून बसायचे. काय काय कोसळते याची यादी करायची आणि प्रत्येकाच्या मागे जायचे.